लव्हाळ्याकडची बाजू

ताइस्तोकाकांनी गळाला आमिष म्हणून लावलेला पत्र्याचा चकचकीत चमचा रिकामाच वर ओढला, त्यावरचं पाणी झटकलं आणि पुन्हा खोल पाण्यात भिरकावला. मेर्वी वल्ही मारत होती. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, म्हणून सकाळपासून तिच्यासमोर फक्त काका होते. पाठीमागे, नावेच्या टोकाशी, बाबांची फळी होती. तिकडून इतकी वर्षं रिळाची करकर यायची. आज येत नव्हती.

"जोर लाव की, मेर्वी! पाण्याला गुदगुल्या काय करतेस?"

"लावतेय."

"तुझा बाप औलिस म्हणायचा, हिच्यापेक्षा ओंडका बसवला असता तर बरं झालं असतं."

मेर्वी हसली नाही. तिला वाईटही वाटलं नाही. फेब्रुवारीत बाबा गेल्यापासून सगळं असंच कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं चाललं होतं. शवपेटी तिनेच निवडली होती, आलेल्यांना कॉफी तिनेच ओतली होती, तीही शेजारणीच्या घरचं कार्य उरकावं तशी.

आज सकाळी मात्र आई चुलीशी उभी राहून म्हणाली होती, "पाइक माशाचं सूप खावंसं वाटतंय. बटाटे घालून, दुधातलं." दफनानंतर कॉफी आणि टोस्टवर दिवस काढणाऱ्या आईने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मेर्वीने काकांना फोन केला आणि सवयीने बाबांचा आणि काकांचा असे दोन्ही गळ घेऊन ती किनाऱ्यावर उतरली. रिकाम्या हाताने परतायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

बेटाभोवतीची तिसरी फेरी संपत आली. दोघा भावांचा नियम मेर्वीच्या जन्माआधीचा होता. नावेची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. दुसऱ्याच्या पाण्यात गळ टाकायचा नाही. पाइक दबा धरून बसतो बेटाच्या कडेच्या लव्हाळ्यात, म्हणून ज्याच्या बाजूला लव्हाळी, त्याची पाळी. त्याला मासा लागला की नाव उलट फिरवायची, म्हणजे लव्हाळी दुसऱ्याच्या बाजूला येतात.

उजवं वल्हं लव्हाळ्यात अडकलं. ते सोडवताना मेर्वीचे हात थांबले. तिच्या उजव्या हाताची बाजू बाबांची.

"काका, लव्हाळी इकडे आहेत."

"आहेत."

"आणि तुम्ही सकाळपासून तिकडे खोल पाण्यात टाकताय. तिथे काय लागणार?"

"काही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी रीळ गुंडाळलं. "मागच्या हंगामातला शेवटचा मासा मला लागला. पाळी त्याची आहे." गळ मांडीवर आडवा ठेवत ते म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दामच अशी धरलीस नाव."

मुद्दाम नव्हतं. धक्क्यावरून निघताना हातांनी आपोआप वळवली होती.

"फिरवू?"

"केर्टूला सूप हवंय," काका म्हणाले. "बाकी तू बघ."

मेर्वीने वल्ही आत घेतली. "तुम्ही बसा इथे."

नाव डचमळली, दोघांनी एकमेकांचे खांदे धरत जागा बदलल्या. ती टोकाच्या फळीवर बसली. बाबांच्या गळाची मूठ अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती. काका वल्हवू लागले. इथून वल्हवणाऱ्याची फक्त पाठ दिसत होती. ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून बाबांसमोर हीच असणार, दरवर्षी थोडी रुंद झालेली तिची पाठ.

तिने चमचा लव्हाळ्याच्या कडेला टाकला. पुन्हा टाकला. मग पाण्याखालून असा हिसका बसला की कोपर नावेच्या काठावर आपटलं.

"सैल सोड! सोड गं! बापासारखी ओढत बसू नकोस, तोडशील!"

पाइक दोनदा खाली गेला, मग आडवा झाला. काकांनी त्याला जाळ्यात घेऊन सोट्याचा एकच टोला दिला. हातभर लांब, हिरवट मासा तिच्या बुटांशी पडला. आईच्या सुपाची सोय झाली.

"औलिसचा मासा," काका म्हणाले. वळून पुन्हा वल्ह्यांवर बसले आणि सवयीने एका हाताने वल्हं मागे रेटलं. नाव फिरू लागली. लव्हाळी मेर्वीच्या समोरून हळूहळू सरकायला लागली.

"नको," ती म्हणाली. "काका, इतक्यात नका फिर..."

काकांनी वळून पाहिलं नाही.

"बरं," ते म्हणाले, आणि दोन्ही वल्ही पाण्याबाहेर काढून गुडघ्यांवर आडवी ठेवली.