हवालदारांचा चुकणारा ठोका

मित्रांनो, मी उंब्रजच्या दवाखान्यातला एक जुना स्टेथोस्कोप आहे. धनपाल डॉक्टरांनी मला सांगलीहून आणले, तेव्हा माझ्या रबरी नळ्या कोऱ्या करकरीत होत्या. हजारो छात्या मी ऐकल्या; पण १९७४ साली नाथाजी हवालदारांनी मला जेवढा वैताग दिला, तेवढा कुणीच दिला नाही.

पलटणीतून पेन्शनवर आलेला हा धिप्पाड माणूस. त्यांच्या छातीत अधूनमधून एक ठोका वेळेआधीच पडे. मग क्षणभर सारे थांबे आणि पुढचा ठोका जोरात आदळे. त्यांना वाटे, काळीज बंदच पडले. डॉक्टरांनी त्यांना साताऱ्याला धाडून कार्डिओग्राम काढायला लावला. हृदय धडधाकट निघाले. चहा कमी करा, तंबाखू सोडा, पुरेसे झोपा, चालते-फिरते राहा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. हवालदार मान डोलवत आणि दवाखान्याच्या दारातच तंबाखू मळत.

पुढे तर ते आपल्या उसाच्या शेताकडेही फिरकेनात. दिवसभर बाजेवर बसून मनगट चाचपत. सुनेच्या माहेरी, शिराळ्याला, पहिल्या नातवाचे बारसे होते. तिथेही जायला तयार होईनात. त्या ठोक्यात भिण्यासारखे काही नाही, हे मला ठाऊक होते; पण मला तोंड कुठे होते?

अखेर त्यांची बायको बयाबाई त्यांना घेऊन आली.

"डाक्टर, ह्यास्नी काय झालंय ते एकदाचं सांगा. न्हाईतर मी एकलीच जाती बारशाला."

डॉक्टरही कावले होते. त्यांनी मला हवालदारांच्या कानांत अडकवले आणि माझी चकती स्वतःच्या छातीवर धरली. हवालदार बराच वेळ ऐकत राहिले.

"आवं, तुमचाबी चुकतोय की!"

"सात वर्षं चुकतोय. मीही तपासून घेतलंय. म्हणून दवाखान्याला कुलूप लावलं का? चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला, तर लगेच या. एरवी तंबाखू सोडा आणि नातवाला बघून या."

हवालदारांनी तंबाखूची चंची बयाबाईच्या हातात दिली. शिराळ्यातही ठोका दोनदा चुकला, असे त्यांनीच परतल्यावर सांगितले. पण मांडीवरचे पोर काही खाली ठेवले नाही.

मित्रांनो, आता माझ्या नळ्यांना भेगा पडल्या आहेत. एकच विनवणी करतो. छातीत वेगळे काही वाटले, तर घाबरून घरी बसू नका, तपासून घ्या. आणि डॉक्टर सांगतील ते ऐका. सारा जन्म ऐकण्यात गेलेल्या मला, न ऐकणाऱ्या माणसांचा फार वैताग येतो.