आधी हनुवटी

भिंतीवरची पाल वर सरकली, पण आरोहीचे डोळे तिच्यामागे गेले नाहीत. आधी हनुवटी उचलली गेली, मग मान, आणि पाल आढ्याला पोचल्यावर नजर कशीबशी तिथं जाऊन टेकली. भाकरीचं पीठ मळता मळता सुनिताचे हात थांबले. तिचा मुलगा राकेश जायच्या आदल्या वर्षी असंच बघायचा.

"तुझी लेक ताठ्याची हाय गं," ओटीवरून चंद्रावन्सं म्हणाल्या. मुलासाठी मामाचीच मुलगी करायची म्हणून साखरपुड्याची तारीख धरायला त्या शेलूहून भावाच्या घरी, लोधिवलीला आल्या होत्या. "नुसतं डोळं वर करून बघंल तर शप्पथ, आधी हनुवटी वर! सासूला धाकात ठेवनार ही."

सगळे हसले. आरोहीही हसली. तिच्या हातातला कप बशीवर वाजत राहिला.

ताठा! राकेशला गावाने दारुडा ठरवलं होतं. जीभ जड, पाय लटपटते, डोळे पिवळे. बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडाला वास येतो का, हे बघायचीही कुणाला गरज वाटली नाही. सुनितानेही एकदा उंबऱ्यातच त्याच्या कानाखाली मारली होती. शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. आईबाप दोघांकडून आलेला दोष. अंगात तांबं साठत जातं, यकृतात, मेंदूत. वेळेत कळलं तर गोळ्यांवर माणूस जगतो. बहिणीला लगेच तपासा, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं.

तो कागद किशोरने कपाटात साड्यांखाली सारला.

"आधी पोरीचं लग्न होऊ दे. बोभाटा झाला तर कोन करंल तिला?"

नवऱ्याचं हे बोलणं सुनिताने दोन वर्षं ऐकून घेतलं होतं.

सासूबाई आतून तांब्याचा पेला घेऊन आल्या.

"घे गं बाय. रातभर ठेवलेलं पानी. अंगाला बरं असतं."

राकेशची कावीळ उतरावी म्हणून त्यालाही त्या रोज हेच पाजायच्या, मायेनं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं सुनिता पहाटे उठून पेल्यातलं पाणी गुपचूप बदलायची. आज पाहुण्यांच्या गडबडीत ते राहून गेलं.

तिने पिठाच्या हातानेच पेला आरोहीच्या ओठांपासून ओढून घेतला आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामा केला.

"अगं, येड लागलं का तुला?" सासूबाई ओरडल्या.

"सुनिता, आत जा," किशोर दबक्या आवाजात म्हणाला.

ती आत गेली. साड्यांखालचा कागद घेऊन बाहेर आली आणि तो तिने चंद्रावन्संच्या मांडीवर ठेवला. त्यावर पिठाची बोटं उमटली.

"वन्सं, तारीख नका धरू. माझा राकेश दारूनं नाय मेला. रक्त एकच हाय, तुमच्या पोराचंबी तपासून घ्या." ती किशोरकडे वळली. "आन् उद्या पहिल्या गाडीनं मी आरोहीला मुंबईला नेते. तुमी आला तरी, नाय आला तरी."