वीस शब्द

“म्हणा, पाणी.”

धोंडाबाईंनी तांब्या नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला. हौशीरामांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

दिवाळीच्या आधी कांद्याला पाणी देताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात हळूहळू उठू लागला, पण जीभ काही वळेना. नारायणगावच्या डॉक्टरांनी वीस शब्द लिहून दिले. सकाळ-संध्याकाळ तेच म्हणवून घ्या म्हणाले. धोंडाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वीसही शब्द पाठ केले. पाणी, चहा, भाकर, गाय. गोठा झाडावा तितक्या नेमानं चार महिने हेच चाललं होतं. हौशीरामांच्या तोंडून कधी ‘पा’ निघे, कधी नुसतीच हवा.

“म्हणा की. मग उठते मी.”

हौशीराम भिंतीकडेच बघत राहिले.

“बरं, चहा म्हणा. च... हा...”

“त्येच...”

धोंडाबाईंचा हात थबकला.

“त्येच त्येच... रोज! लई... झालं!”

तांब्यातलं अर्धं पाणी गोधडीवर सांडलं. धोंडाबाई अनवाणीच शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“साळुबाई, बोललं ह्ये! माझ्यावर खवळून बोललं!”

तासाभरात ओटा माणसांनी भरला. येईल तो म्हणे, “भाऊ, काय म्हनला? आमाला बी ऐकू द्या की.” हौशीराम ऐकवत होते, दर वेळी जरा जास्तच रागानं, आणि माणसं हसून बेजार होत होती. धोंडाबाईंनी तीनदा चहा टाकला. सातव्या माणसापर्यंत ‘झालं’ अगदी स्वच्छ येऊ लागलं.

बोरीसारख्या लहान गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. चाकणला कंपनीत असलेल्या मुलाला, सूरजला, साळुबाईंनी फोनवर निरोप ठेवला होता. संध्याकाळी त्याचा फोन त्यांच्याकडे आला. दोघांनी धरून हौशीरामांना तिथवर नेलं. धोंडाबाईंनी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

“ऐकवा लेकाला,” साळुबाई हसत म्हणाल्या.

हौशीरामांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. कपाळावर घाम आला.

“सूरज,” ते म्हणाले. “कवा... येतो?”

धोंडाबाई साळुबाईंकडे बघतच राहिल्या.

“ह्यो शब्द म्या न्हाई शिकवला,” त्या पुटपुटल्या.

पलीकडून सूरजचा बारीक आवाज आला.

“दादा, परत म्हणा ना.”

हौशीरामांनी परत म्हटलं.