काळी माती कुठे गेली?

मी एक जुनी चाळण आहे. लाकडी गोल कड आणि खाली तारेची जाळी, एवढाच माझा देह. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या कोनो भागात माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून मला गरगर फिरवतात, खडीत एखादा हिरा सापडेल या आशेवर. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला घडवलं ते लन्साना नावाच्या एका पोराच्या बापासाठी. दोन वर्षं बरी गेली, मग युद्ध पेटलं. बंदूकवाले काठावर उभे राहायचे आणि तो बिचारा उपाशीपोटी मला फिरवत राहायचा. सापडलेले हिरे विकून त्यांच्या नव्या बंदुका यायच्या. एके दिवशी तो पाण्यातच कोसळला, तर त्याला बाजूला ओढून त्यांनी मला दुसऱ्याच्या हातात दिलं. तेव्हा मला स्वतःची किळस आली.

शांतता झाल्यावर लन्सानाने मला पुन्हा हाती घेतलं. तो खडी फार छान धुवायचा. मला वाळूवर पालथी घातली की जड खडे बरोबर मधोमध बसलेले दिसायचे. लोक वाहवा करायचे आणि मीही फुगायची. खोटं कशाला बोलू?

मग गावातल्या फिंडामावशीने खोदणाऱ्यांचा गट बांधला आणि नियम घालून दिले. सापडलेला हिरा सगळ्यांसमोर दाखवायचा, सरकारी कचेरीत नोंदवून पावती घ्यायची, म्हणजे करातला वाटा गावाकडे परत येतो. वरची काळी माती खोदण्याआधी वेगळी रचून ठेवायची आणि पावसाळ्याआधी खड्डा भरून तीच वर पसरायची. खोदायला रान मागण्यासाठी ती मानाची कोलाची फळं घेऊन रानाचे मालक बोकारीबाबा यांच्याकडे गेली.

"बाबा, एका उन्हाळ्यापुरतं द्या. भाताच्या पेरणीआधी परत करते."

"मागचेही असंच म्हणाले होते. त्यांच्या खड्ड्यात माझी शेळी बुडाली. ते अजून परतच करतायत!"

"ते ते होते. मी फिंडा आहे."

"तीच तर पंचाईत आहे. तुला नाही म्हणायला छाती लागते."

म्हाताऱ्याने कोला फोडून अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा तिला दिला. आमच्याकडे यानंतर शब्द फिरवता येत नाही.

दोन महिन्यांनी माझ्या जाळीत हरभऱ्याएवढा हिरा चमकला. लन्सानाने तो हात उंच करून सगळ्यांना दाखवला. बायका नाचल्या. शाळेवर पत्रे येणार म्हणून पोरं ओरडली. फिंडामावशी नोंदणीसाठी शहरात गेली.

ती जाताच लन्सानाच्या डोक्यात किडा वळवळला.

"हिऱ्यांची खरी खडी त्या काळ्या मातीच्या ढिगाखाली आहे," तो म्हणाला. "ढीग ओढ्याकाठी सरकवू. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मावशीला कळलं तर?" एकाने विचारलं.

"दुसरा हिरा दाखवला की मावशीच भात शिजवून घालेल!"

सगळे हसले. मी मनात किंचाळले, पण चाळणीला आवाज कुठला? ढीग ओढ्याकाठी गेला. दुसऱ्याच दुपारी अवकाळी पाऊस कोसळला आणि ओढ्याने ती माती धुऊन नेली. ढिगाखाली काय मिळालं म्हणता? गोटे! नुसते गोटे!

दोन दिवसांनी बोकारीबाबा बियाण्याची टोपली घेऊन रान बघायला आले. मागे दोन पुतणे होते.

"काळी माती कुठे गेली?"

लन्साना पुटपुटला, "बाबा, हिरा मिळालाय ना. माती विकत आणू."

"कुठल्या बाजारात मिळते रे? मलाही दाखव!"

पुतण्यांनी कोयते उपसले. खोदणाऱ्यांनी फावडी उचलली. तेवढ्यात शहरातून परतलेली फिंडामावशी धावत मध्ये घुसली.

"आधी फावडी खाली ठेवा! युद्धात पुरलेली माणसं कमी पडली का तुम्हाला?"

फावडी खाली आली, मग कोयतेही. मावशीने उघड्या लाल रानाकडे पाहिलं. बोकारीबाबांनी लन्सानाच्या हातातून मला हिसकावलं, माझ्यात दोन मुठी बियाणं टाकलं आणि मला परत त्याच्या छातीवर आदळलं.

"घे, धू! मोठा धुणारा ना तू? माझ्या नातवंडांचं जेवण शोधून दे यातून!"

लन्सानाने मला खाली ठेवलं, घमेलं उचललं आणि ओढ्याच्या वळणावर साचलेला गाळ उपसू लागला. हळूहळू सगळा गट उतरला. खरा पावसाळा येईपर्यंत ते गाळ वाहत राहिले, तरी अर्धंच रान झाकलं गेलं. उरलेल्या अर्ध्यात आजही गवत धरत नाही. शाळेवर पत्रे आले, पण गटाला त्यानंतर कुणी रान दिलं नाही. शेजारच्या गावांनीसुद्धा नाही. फिंडामावशीचं नाव निघालं की लोक म्हणतात, "हो, तिनेही शब्द दिला होता." ज्या बाईची काही चूक नव्हती, तिच्या माथी हे! माझा संताप होतो तो याचा.

आता माझी जाळी फाटली आहे आणि मी लन्सानाच्या भिंतीला टेकून पडले आहे. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, कधी दुकानात काचेआड हिरा चमकताना दिसला, तर किंमत नंतर विचारा. हा जिथून काढला, तिथे आता काय उगवतं, हे आधी विचारा. आणि दुकानदार गप्प बसला, तर तो हिरा तिथेच ठेवून बाहेर पडा.