मनुबाईच्या सुरातला बेंजो

मित्रांनो, मी बेंजो आहे आणि वयानं तुमच्या बाबांपेक्षा मोठा आहे. शहाणी माणसं मला वाद्यांच्या पंगतीत बसवत नाहीत. माझ्या अंगावर तारा आहेत आणि तारांवर अंक लिहिलेली बटणं आहेत, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला मी टाइपरायटर वाटतो. वाटू दे. अलिबागच्या खारेपाटात एके काळी माझ्याशिवाय कुणाला हळद लागत नव्हती, एवढं मात्र सांगून ठेवतो.

रामचंद्र सुतारानं मला घडवलं. मोडीत निघालेल्या एका मचव्याची, म्हणजे शिडाच्या होडीची, सागवानी फळी त्याच्या पडवीत पडून होती. तिची त्यानं माझी पेटी केली. त्या फळीनं आयुष्यभर खाडीचं पाणी प्यायलेलं. म्हणून असेल, पण भरतीची वेळ झाली की मला अजून आतून हलल्यासारखं होतं आणि कुणी हात लावला नसतानाही माझी शेवटची तार हळूच गुणगुणते. घरातल्यांना वाटतं, डास असेल.

माझे पहिले धनी रावजी. दिवसा मिठागरात आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत. त्यांची एक सवय होती. लग्नघरी पोचलं की बाकीचे वाजंत्री चहा कुठे मिळतो ते शोधायचे आणि रावजी मला काखेत मारून धवलारणीकडे जायचे. आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागतेच. ती एकेक विधी गाण्यातून लावून देते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण होती मनुबाई. रावजी तिच्यासमोर बसून म्हणायचे, "बाय, एक ओल सोड." ती एक ओळ गायची आणि तिचा आवाज जिथे थांबेल तिथे रावजी माझ्या खुंट्या पिळून मला आणून उभं करायचे. तिचा सूर हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीत बसायचा नाही. एका पट्टीच्या थोडा वर, पुढच्या पट्टीच्या थोडा खाली. तिथे, त्या मधल्या जागेत, माझं सगळं तारुण्य गेलं. फार सुखाचं गेलं.

पुढे लग्नांत डीजे आला. रावजी थकले आणि एके दिवशी गेले. मी गोणपाटात गुंडाळला जाऊन माळ्यावर पडलो. खाऱ्या हवेनं तारांवर गंज चढवला. पालींनी माझ्या पोटात अंडी घातली. मी झोपत होतो आणि झोपेत मचवा होत होतो. किती वर्षं, ते मला विचारू नका.

मला खाली काढलं रावजींच्या नातीनं, प्राप्तीनं. ती कॉलेजात शिकते आणि गाणी बांधते. गिटार वाजवणारा मितेश आणि ढोलकीवर बसणारा गणराज यांच्यासोबत तिनं एक बॅण्ड काढला होता. नाव ठेवलं 'खाजण', म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन. प्राप्तीनं मला पुसलं, नव्या तारा लावल्या आणि आजोबांसारखीच मला काखेत मारून मनुबाईकडे गेली. मनुबाई आता शहात्तर वर्षांची. धवले पूर्ण येणारी आसपासच्या गावांत ती एकटीच उरली होती. "मनूआजी, आमच्यासंगती गाशील?" प्राप्तीनं विचारलं. मनुबाईनं मला ओळखलं. माझ्या बटणांवरून हात फिरवत ती म्हणाली, "यो अजून हाय व्हय?" मला रडू आलं असतं, पण लाकडाला ते जमत नाही.

मला मनुबाईच्या आवाजाला लावून त्यांनी एक धवला रेकॉर्ड केला आणि इंटरनेटवर टाकला. पंधरा दिवसांत तो फिरत फिरत मुंबईला पोचला आणि तिथल्या एका नावाजलेल्या संगीतविषयक वेबसाइटवर त्याचं परीक्षण आलं. प्राप्तीनं ते पायरीवर बसून मोठ्यानं वाचलं. कल्पना सुंदर आहे, असं सुरुवातीला होतं. मग लिहिलं होतं, 'बेंजो आणि वृद्ध गायिका दोघंही गिटारपासून सुटलेले आहेत. लोकसंगीत म्हणून बेसूरपणा खपवून घ्यायचा का, हे या तरुणांनी ठरवावं.'

मग काय, गावाला विषय मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी त्या समीक्षकाला खाडीत बुडवायला निघालं, कुणी म्हणालं आम्ही आधीच सांगत होतो. मुरुडच्या एका बॅण्डनं 'आमचे सूर तपासून मिळतील' असं लिहून डोळा मारणारं चित्र टाकलं. गणराज दिवसभर उत्तरं देत बसला. प्राप्ती मात्र कुणाशी भांडली नाही. तिनं ते परीक्षण इतक्यांदा वाचलं की मलाही पाठ झालं. खरं सांगायचं तर समीक्षक खोटं बोलला नव्हता. गिटार एका ठिकाणी उभी होती आणि आम्ही दोघं दुसऱ्या ठिकाणी. मला ते पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. पण माझं कोण ऐकतं?

त्यात किहीमच्या नारळीच्या वाडीत होणाऱ्या छोट्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. तोच समीक्षक तिथे येणार होता. मितेश कामाला लागला. त्यानं मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप लावलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत माझ्या खुंट्या पिळल्या. माझी एक तार कळवळली. मी गिटारच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, इस्त्रीचे कपडे घातलेल्या पाहुण्यासारखा. मग त्यानं संगणकावर मनुबाईचा आवाजही उचलून पट्टीत बसवला. वर-खाली होणारं सगळं त्यानं सरळ केलं. ऐकून तिघंही खूश झाले. हीच त्यांची चूक, मित्रांनो. ती त्यांनी प्रेमानं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मनुबाईला ऐकवायला गेले. प्राप्तीनं मला मांडीवर घेतलं होतं. मनुबाई अंगणात सुकत टाकलेले बोंबील उलटत होती. हात पुसून ती बसली, कानामागे तळवा धरून तिनं सगळं गाणं ऐकलं आणि मान डोलावली.

"बरी गाते," ती म्हणाली. "कवरी सरल गाते. कंच्या गावची बाय ही?"

मितेश मोबाइलकडे बघत राहिला. प्राप्ती माझ्या तारांवरची नसलेली धूळ पुसायला लागली.

"मंग हिलाच न्या किहीमला," मनुबाई शांतपणे म्हणाली. "एका मांडवान दोन धवलारनी नाय गात. मना वाईट नाय वाटला, पोरी. धवला ऱ्हायला म्हंजे झाला." कनवटीची सुपारी काढून तिनं प्राप्तीच्या हातात ठेवली. "ही तिला दे. सांग, मनुबाईनं दिली."

एक धवलारीण दुसरीला आपला मांडव देते, तेव्हा सुपारी देते, अशी तिच्या सासूची रीत होती. प्राप्तीला ते माहीत होतं. सुपारीची मूठ तिनं माझ्या पेटीवर घट्ट दाबून धरली.

तिघं परत आले. तालीम केली. मी अगदी सुरात वाजत होतो आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मितेश म्हणाला, "आपल्याकडे तिचा आवाज आहे ना रेकॉर्ड केलेला. तोच लावू. तिला कुठे कळणार आहे?" प्राप्तीनं त्याच्याकडे बघितलं. "तिला कळलं नाही, तेच तर झालंय," ती म्हणाली. महोत्सव चार दिवसांवर आला होता. मनुबाई परत गायली नाही, तर धवला संगणकात अडकून पडणार होता आणि तोही एका अशा बाईच्या आवाजात, जी कुठल्याच गावची नव्हती.

शनिवारी सकाळी प्राप्ती मला घेऊन एकटीच निघाली. मनुबाईसमोर तिनं सुपारी ठेवली.

"मनूआजी, ती दुसरी कुणी नव्हती. ती तूच होतीस. आम्ही तुझा आवाज मशीनमधे घालून बदलला. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं."

मनुबाईनं सुपारी बोटानं जरा फिरवली. खाडीवरून वारा येत होता आणि भरती चढत होती. मला वाटलं, आता ही उठून घरात जाईल. पण तिच्या खांद्यांना हसू फुटलं.

"माज्या गल्यातला खारा पानी काढून टाकला, व्हय गं?" ती म्हणाली. "म्हनून ती बाय मना वलखीची नाय वाटली." तिनं सुपारी उचलून परत कनवटीला लावली. "घे तुजा बेंजो. ओल सोडते."

ती गायली. मांडवाच्या मेढीला, विड्याच्या पानाला, खाडीलासुद्धा तिनं लग्नाचं आवतण दिलं. प्राप्ती एकेक खुंटी सैल करत गेली आणि मी हळूहळू त्या मधल्या जागेत उतरलो. मित्रांनो, किती हलकं वाटलं म्हणून सांगू. संध्याकाळी मितेश आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या गिटारच्याही खुंट्या पिळायला घेतल्या. मोबाइलवर लाल दिवा लागला. त्यानं मोबाइल उपडा घातला.

किहीमला सूर्य कलल्यावर आम्ही वाजवलं. समीक्षक तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसला होता. मनुबाईनं लाल लुगडं नेसलं होतं. ती गायली तेव्हा गिटार, ढोलकी आणि मी, आम्ही सगळे तिच्या आवाजाच्या कडेनं चालत होतो. समुद्र आमच्या मागेच होता. तो कुठल्या पट्टीत होता, कोण जाणे.

चार दिवसांनी नवं परीक्षण आलं. प्राप्तीनं ते मनुबाईच्या अंगणात बसून वाचून दाखवलं. 'गाणं या वेळी मनात राहिलं,' त्यानं लिहिलं होतं. 'मात्र संपूर्ण बॅण्ड प्रमाण पट्टीपेक्षा किंचित खाली वाजत होता. ही चूक होती की हट्ट, हे मला समजलं नाही.'

"म्हंजे काय?" मनुबाईनं विचारलं.

"म्हणजे आपण सगळे थोडे खाली होतो, आजी."

"सगली एकाच जागी व्हती ना?"

"एकाच जागी."

"मंग झाला," मनुबाई म्हणाली आणि बोंबील उलटायला उठली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा, गंजलेली तार बदला. पण त्याची खुंटी पिळण्याआधी घरात विचारा, हा कुणाच्या आवाजाला लावलेला आहे. ते माणूस अजून असेल, तर आधी त्याला गायला सांगा.