मोजायचं काय

भिंतीवरचा डाग बाथरूमच्या दाराच्या चौकटीला लागून होता आणि दिव्याचं बटण त्याच्या वीतभर उजवीकडे. डाग पंजाएवढा, मधे करडा, कडांना फिकट होत गेलेला. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं ती त्यावर गोल गोल फिरवत होती. भिंतीचा रंग थोडा निघाला, डाग तसाच राहिला. ओल आली म्हणावं तर भिंत कोरडी होती. आणि ओल इतक्या शिस्तीत, एकाच उंचीवर येत नाही.

"काय हरवलं?" मागून बाबांनी विचारलं.

"काही नाही. डाग पुसतेय."

"पूस, पूस. घरमालक बोलेल नाहीतर."

"घर माझंच आहे बाबा."

"हो का?" त्यांनी पाहुण्यासारखी मान डोलावून इकडेतिकडे पाहिलं. "छान आहे. खिडक्या मोठ्या आहेत."

बटणाच्या वर तिने एक कागद चिकटवला होता. ठळक अक्षरात 'दिवा' आणि खाली बाण. बाबा तो रोज मोठ्याने वाचायचे. अक्षराचं कौतुक करायचे आणि अंधारातच आत जायचे. दिवसा त्यांच्या सोबतीला येणारी बाई कधी कधी पदराआड हसायची. "चाळीस वर्षं भूगोल शिकवला म्हणे मास्तरांनी, आणि या तीन खोल्यांत रोज वाट चुकतात." तिच्या हसण्यात वाईट काही नसे. चुकलेल्या मास्तरांना तीच हाताला धरून परत आणायची.

पलंगावर बॅग उघडी होती. महिना संपत आला की बॅग बाहेर निघायची. खरं म्हणजे ती कधी पूर्ण रिकामी होतच नसे. तळाशी मोजे, मफलर, आईचा फोटो असं काहीबाही पुढच्या खेपेसाठी पडून राहायचं.

"कुठे चाललो आपण?" बॅग दिसताच बाबांनी विचारलं.

"उद्या टिल्लूकडे. महिनाभर."

"आणि मग?"

"मग परत इथे."

"बरं," बाबा म्हणाले, आणि बॅगेजवळच पलंगाच्या कडेला बसून राहिले, फलाटावर बसावं तसे.

टिल्लू म्हणजे तिची धाकटी बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी टिल्लूच. आई गेल्यानंतरचं पहिलं वर्ष बाबा सलग टिल्लूकडे होते. मग मोठीनेच जाऊन ठरवून टाकलं होतं, महिना तुझा, महिना माझा. धाकटी तेव्हाही म्हणाली होती, राहू दे ना ताई त्यांना इथेच. नंतरही म्हणत राहिली. "माझा वाटा मी टाकणार नाही," हे मोठीचं ठरलेलं उत्तर. ते म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची. गेल्या आठवड्यात मात्र टिल्लूने फोनवर वाद घातला नव्हता. एवढंच म्हणाली होती, "या खेपेला येशील तेव्हा एकदा काय ते सांगून टाक. हो तर हो, नाही तर नाही. मी पुन्हा नाही विचारणार."

तिने फडकं पिळून ठेवलं आणि विद्यापीठात जायला निघाली.

*

प्रयोगशाळेत त्या दिवशी तोंडी परीक्षा होती. ती बुद्धिमान प्रणाली शिकवायची. वेब तंत्रज्ञान शिकवणारा सहकारी शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्या खुर्चीचं एक चाक निखळलेलं, त्यामुळे तो सतत थोडा तिरका असायचा आणि तिरकंच बोलायचा. या वर्षी दोघांनी मिळून एकच प्रकल्प दिला होता. वेबपान त्याच्या विषयासाठी, त्या पानात चालणारं डोकं हिच्या विषयासाठी.

तिसऱ्या गटात दोघं होते. एक भराभर बोलणारी मुलगी आणि एक उंच मुलगा. मुलगा पडद्याकडे वाकून उभा होता, जणू आपल्या उंचीबद्दल त्याला माफी मागायची होती. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी होत्या, म्हणजे दोन खोल्या. एक छोटं गोल यंत्र एका खोलीतून दुसरीत जायचं, कचरा दिसला की उचलायचं. खेळणंच ते. पण यंत्राने काय करायचं हे कसं ठरवायचं, ते शिकवायला इतकं सोपं दुसरं काही नव्हतं. ती ते वर्षानुवर्षं शिकवत आली होती.

आधी सहकाऱ्याने माउस हातात घेतला.

"पहिल्या पानावर 'सुरू करा' डावीकडे. दुसऱ्या पानावर उजवीकडे. का बरं?"

"सर, दुसऱ्या पानावर डावीकडे जागाच नव्हती," मुलगी म्हणाली. "म्हणून वर लिहिलंय ना आम्ही. हे बघा, बाणसुद्धा दाखवलाय."

"लिहिलेलं वाचतं कोण, बाई? डोळ्यांनी वाचलं तरी हात वाचत नाही. हात एकदा जागा शिकला की तिथेच जातो." त्याने डावीकडच्या रिकाम्या जागेवर दोनदा टिचकी मारून दाखवली. "आणि गंमत सांगू? तुम्ही बटण हलवता, तेव्हा वापरणारा म्हणत नाही की यांनी बटण हलवलं. तो म्हणतो, माझंच काहीतरी बिघडलं."

मुलगी हसली. मोठीही हसली, किंचित उशिरा. मग तिने पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"आता चालू करा."

यंत्राने डावी खोली झाडली, उजवी झाडली. दोन्ही चौकटी पांढऱ्या झाल्या. यंत्र थांबलं नाही. डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, पुन्हा डावीकडे. कोपऱ्यातला गुणांचा आकडा वाढत होता.

"सगळ्या वर्गात आमचे गुण जास्त आहेत, मॅडम," मुलगी म्हणाली. "बाकीच्यांचं यंत्र मधेच बसून राहतं."

"दोन्ही खोल्या केव्हाच स्वच्छ झाल्यात. मग हे अजून का फिरतंय?"

मुलीने मुलाकडे पाहिलं. हा भाग त्याचा होता.

"फेरी झाली की गुण मिळतो, मॅडम," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"काम केल्याबद्दल. म्हणजे, ते टाळाटाळ करत नाहीये ना. आणि मी दोन्हीकडे सारखाच वेळ ठेवलाय. बरोबर अर्धा-अर्धा. कुठल्याच खोलीवर अन्याय नको म्हणून."

"खोलीवर अन्याय!" सहकाऱ्याची खुर्ची करकरली. "आता खोल्यांचा मोर्चा येईल बघा."

"तुम्ही यंत्राचे कष्ट मोजलेत," ती म्हणाली. हे वाक्य दर वर्षी कुणाला ना कुणाला ऐकवावं लागायचंच. तोंडात बसलेलं होतं. "त्या कष्टांनी खोलीचं काय झालं, ते कुठे मोजलंय?"

मुलाने कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"ते मोजायला अवघड आहे, मॅडम," तो म्हणाला. "फेऱ्या मोजायला सोप्या पडतात."

यानंतर तिचा ठरलेला प्रश्न असायचा. मुलं अडखळायची, मग ती फळ्यावर जाऊन समजावून सांगायची. या वेळी तिने पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि काहीच विचारलं नाही. पडद्यावर यंत्र पांढऱ्या खोलीतून पांढऱ्या खोलीत जात होतं. आकडा वाढत होता.

"मॅडम?" सहकारी हळूच म्हणाला.

"हं. बंद करा ते."

मुलाने बंद केलं. वायर गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "नापास का आम्ही?"

"नाही. सुधारून आणा सोमवारी. ही चूक सगळेच करतात."

"सगळेच म्हणजे, आमच्या वर्गातले?"

"वर्गातलेही," ती म्हणाली आणि पुढच्या गटाला हाक मारली.

*

टिल्लूचं घर चौथ्या मजल्यावर. समोरच्याच खोलीत शिलाईची दोन यंत्रं, कापडांचे गठ्ठे, दाराच्या खिळ्याला अडकवलेली मापाची टेप. बसायचं म्हणजे आधी काहीतरी उचलावं लागायचं. मोठीला या पसाऱ्याचा पूर्वीपासून राग. आपल्या घरी बाबांना शांतता तरी मिळते, असं ती मनाशी म्हणायची. आणि टिल्लूसमोरही कधी कधी.

"या मास्तर!" टिल्लूने पायाने पेडल थांबवलं. "कुठे होतात महिनाभर?"

"दौऱ्यावर," बाबा म्हणाले.

"काय काय पाहिलंत?"

"खिडक्या. मोठमोठ्या खिडक्या होत्या."

टिल्लू खळखळून हसली. बाबाही हसले. वाकून त्यांनी स्वतःच बूट काढले आणि यंत्राखालच्या फळीवर, बरोबर टाचा भिंतीकडे करून ठेवले. टॅक्सीत रस्ताभर त्यांनी मोठीचा हात सोडला नव्हता. दर चौकात विचारत होते, कुठे चाललो आपण.

"जरा हात-पाय धुऊन येतो," ते म्हणाले. "तुझ्या त्या बाईचा झगा झाला का शिवून? ती जाडी, जिला सगळं घट्टच होतं?"

"झाला. पुन्हा घट्ट होतोय म्हणते."

"मग झग्याला कशाला दोष," असं म्हणत बाबा अरुंद बोळातून आत निघाले होते. बोलणं चालूच, तोंड अजून टिल्लूकडे वळलेलं. चालता चालता त्यांचा डावा हात आपोआप वर गेला. दाराच्या चौकटीला लागून, डोळे तिकडे नसतानाच, पंजा भिंतीवर टेकला. खट्ट वाजलं. दिवा लागला. बाबा आत गेले आणि त्यांनी दार लोटलं.

मोठी बॅग घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिली होती.

ती पुढे गेली. बटण चौकटीला अगदी चिकटून होतं, तिच्या घरी डाग होता त्याच जागी. त्याच्याभोवती भिंतीचा रंग पंजाएवढा झिजून गुळगुळीत झाला होता. तिने आपला हात त्यावर ठेवून पाहिला. मग बोटं मिटली आणि हात काढून घेतला, भांड्याचा चटका बसल्यासारखा.

"काय गं, बटण तुटलं का?" मागून टिल्लूने विचारलं.

"नाही. चांगलं आहे."

"मग अशी का उभी आहेस? चहा टाकलाय. बस. ते कापड सरकव आणि बस."

ती बसली नाही. टिल्लूने कप तिच्या हातात दिला. आपला घेऊन ती शिलाई-यंत्राला टेकून उभी राहिली. तिने ठरल्याप्रमाणे काही विचारलं नाही. नुसती टाचण्यांची डबी उघडत-मिटत राहिली.

"लोक म्हणतील मोठीने हात झटकले," मोठी म्हणाली.

"कोण लोक? माझ्याकडे येतात त्यांना आपल्या कमरेपलीकडे काही दिसत नाही."

"तुला जड जाईल."

"जड आहेच, ताई. मी कधी नाही म्हटलं?" टिल्लूने डबी मिटवली. "पण तू त्यांना घेऊन गेलीस ना, की मी महिनाभर घर आवरत नाही. म्हटलं, आवरलं आणि आल्यावर त्यांना काही सापडलं नाही तर?"

मोठीने सभोवार पाहिलं. ते गठ्ठे, ती टेप, बुटांची फळी. वर्षानुवर्षं जागच्या जागी असलेला तो सगळा पसारा.

तिने कप खाली ठेवला. बॅग यंत्रावर ठेवून चेन पूर्ण उघडली.

"कुठला कप्पा त्यांचा?"

"बॅगेतच राहू दे की. आपण नेहमी—"

"कप्पा कुठला, टिल्लू?"

टिल्लूने कपाटाकडे बोट दाखवलं. बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढायला ती विसरली होती. मोठीने सदरे काढून कप्प्यात लावले. मग स्वेटर. मग तळाशी पडलेले मोजे, मफलर. आईचा फोटो तिने पदराने पुसला आणि सदऱ्यांच्या शेजारी उभा केला. बॅग उलटी करून झटकली. धाग्याचा एक तुकडा आणि जुनं तिकीट तेवढं खाली पडलं.

बाथरूमचं दार वाजलं. खट्ट, दिवा मालवला. बाबा हात पुसत बाहेर आले. रिकामी बॅग पाहून थांबले. दोघी मुलींकडे आळीपाळीने पाहत, टॅक्सीतल्याच आवाजात त्यांनी विचारलं,

"कुठे चाललो आपण?"

"कुठेच नाही, बाबा. आलो आपण. टिल्लूचं घर."

"आणि मग?"

टिल्लूने मान वर केली नाही. मोठीने बॅगेची चेन लावली, पट्टा आपल्या खांद्यावर घेतला. मग तिने वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावं इतक्या स्पष्टपणे सांगितलं.

"मग काही नाही. तुम्ही आता इथेच राहायचं. येणं-जाणं मी करीन."