धुतलेली खडी

"हं, ही चौदावी पायरी. आता मान वर करा आणि बघा," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी गच्चीचं दार ढकललं.

मेकॅनिकनी डाव्या हाताने चौकट धरली, उजवा पाय मागून ओढून घेतला आणि पाहिलं. कोपऱ्यात त्यांनी स्वतः उभी केलेली मांडणी होती: खाली माशांची टाकी, वर आडव्या कापलेल्या पिंपात खडी, खडीत पालक आणि पुदिना. छोटा पंप टाकीतलं पाणी वर चढवी, ते खडीतून झिरपून पुन्हा माशांकडे येई. सगळं जागच्या जागी होतं. फक्त खडी पांढरीशुभ्र झाली होती.

"काय... केलंस?"

"धुतली. तीन दिवस तुमच्या तपासण्या चालल्या होत्या, पहिल्याच दिवशी उरकून घेतलं. रोपं अलगद बाजूला काढली, खडी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवली, पाच पाण्यांतून खळखळून काढली, उन्हात वाळवली. माशांना क्लोरीनचा वाससुद्धा आला नसेल. काय बुळबुळीत झाली होती हो! हात लावायची सोय नव्हती."

सिस्टरनी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली होती. भले भले सर्जन हात धुऊन, कोपरं वाकवून, दोन्ही पंजे वर धरून त्यांच्यासमोर उभे राहत. नखाच्या कडेला जरा शंका आली की सिस्टर एकच शब्द बोलत: "परत." की स्वारी मुकाट नळाकडे वळे. निवृत्तीनंतर तोच कायदा घरात लागू झाला. पंप दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या नवऱ्याचे ग्रीसने माखलेले हात रोज संध्याकाळी दारातूनच परत जात.

दोन महिन्यांपूर्वी मेकॅनिकची उजवी बाजू गेली. बोलणं तुटक झालं. व्यायाम शिकवणारी मुलगी दिवसाआड घरी येई; तिला ते "उद्या" म्हणून वाटेला लावत. मासे बघायला मात्र ते चौदा पायऱ्या चढत, वीस मिनिटं लागली तरी. डॉक्टरांनी सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढचे तीन महिने पाय चालता ठेवलात तर चालतील. नाहीतर खुर्ची. तुम्हाला वेगळं काय सांगू?" त्या दिवसापासून सिस्टर माशांना घरातल्या माणसांपेक्षा जास्त जपत होत्या. खडी धुतली तीही त्यापायीच.

"मासे... बघ."

सिस्टर टाकीवर वाकल्या. मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. दोन पोट वर करून कडेला लागले होते.

"जंतू मारलेस."

"मग? तेच तर करायचं असतं!"

"आपले... होते."

"जंतू आपले कधीपासून झाले?"

मेकॅनिक खुर्चीत बसले आणि एकेक शब्द ओढून काढत समजावू लागले. दहा मिनिटं गेली. माशांची घाण पाण्यात विष होते. खडीवरच्या बुळबुळीत थरात जंतू असतात, ते त्या विषाचं खत करतात. खत झाडं खातात, पाणी निवळतं, मासे जगतात. तो थर धरायला दीड महिना लागला होता. सिस्टरनी तो एका दुपारीत खरवडून काढला होता.

सिस्टरनी कपाळाला हात लावला नाही. रक्त थांबत नसताना कपाळाला हात लावणाऱ्यांना त्यांनी थिएटरबाहेर काढलं होतं. "काय करायचं ते सांगा," त्या म्हणाल्या.

"खाणं बंद. अर्धं पाणी बदल. नळाचं नको... क्लोरीन असतं. शिळं." गच्चीत उघडं ठेवलेलं पिंप त्यांनी बोटाने दाखवलं. "आणि घाण आण. जिवंत. काचवाल्याकडून."

काचवाला म्हणजे माशांच्या काचेच्या टाक्या विकणारा. त्याचे पंप मेकॅनिकनीच वर्षानुवर्षं दुरुस्त केले होते. तासाभरात सिस्टर त्याच्या दुकानात उभ्या होत्या.

"तुमच्याकडची सगळ्यात घाणेरडी वस्तू द्या."

"वहिनी, बरं वाटत नाहीये का?" काचवाल्याने विचारलं. हकीकत ऐकून तो हसू दाबत आत गेला आणि गाळणीतला काळाकुट्ट स्पंज आणि ओल्या खडीची पिशवी घेऊन आला. "सहा वर्षांत साबण बघितलेला नाही याने. उन्हात ठेवू नका, वाळू देऊ नका. आणि वहिनी, पाया पडतो, धुवू नका!"

"मस्करी पुरे. माझा पेशंट वाट बघतोय."

बसमध्ये सिस्टरनी पिशवी मांडीवर दोन्ही हातांत धरली. रक्तपेढीतून बाटली आणताना त्या अशाच बसत. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. जागा झाली म्हणून सिस्टर जरा ऐसपैस बसल्या.

गच्चीत त्यांनी स्पंज उघड्या हातांनी पांढऱ्या खडीवर पिळला. काळं पाणी बोटांतून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"वास येतोय?" मेकॅनिकनी विचारलं. डोळ्यांत खट्याळपणा होता.

"चौतीस वर्षांत अब्रू गेली नव्हती ती आज गेली. बसा गप्प."

मग त्यांनी पुठ्ठ्याच्या पाटीला कागद लावला आणि वॉर्डातल्या तापाच्या तक्त्यासारखा तक्ता आखला. पहिल्या दिवशी बावीसांतले वीस. दुसऱ्या दिवशी सतरा. चौथ्या दिवशी पंधरा. मेलेले मासे त्यांनी एकेक करून जिन्याजवळच्या कुंडीत खोल पुरले. रोज थोडं पाणी बदललं, रोज नवऱ्याला वर आणलं. पाचव्या दिवशी पंधरा. सहाव्या दिवशी पंधरा. आठव्या दिवशी धापा थांबल्या आणि मेकॅनिकनी चिमूटभर खाणं टाकायला परवानगी दिली. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. तो आता तसाच राहणार हे सिस्टरना तक्त्याशिवाय ठाऊक होतं. चढायला मात्र बारा मिनिटं लागू लागली.

दीड महिन्याने खडी पुन्हा तपकिरी झाली. पंपाच्या तोंडाशी एक पान अडकलं होतं. सिस्टर स्वयंपाकघरातून वर आल्या आणि बाह्या सारून टाकीवर वाकणार एवढ्यात मेकॅनिक खुर्चीतून खाकरले.

"हात."

सिस्टर थबकल्या. मग त्यांच्यासमोर येऊन, कोपरं वाकवून, दोन्ही पंजे वर धरून उभ्या राहिल्या. मेकॅनिकनी आधी डावा हात हुंगला. मग उजवा. घाई केली नाही. अंगठ्याच्या बेचक्यात साबणाचा वास होता.

"परत," ते म्हणाले.

हात तसेच वर धरून, कशालाही न लावता, सिस्टर शिळ्या पाण्याच्या पिंपाकडे वळल्या.